रेप्लिका स्पोर्ट्स कारसाठी इंजिन निवडताना : आधी काय मोजावे, शेवटी काय विकत घ्यावे

जुन्या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती बांधायला घेणाऱ्यांपैकी बरेच जण इंजिन सर्वांत आधी विकत घेतात. एखादे बऱ्या स्थितीतले व्ही-८ (व्ही आकारात आठ सिलिंडरांचे इंजिन) नजरेला पडते, विक्रेता अश्वशक्तीचा आकडा सांगतो, इंजिन दारात येऊन पडते, आणि त्यानंतर चॅसी, गिअरबॉक्स, रेडिएटर, एक्झॉस्ट आणि नोंदणीचे कागद या सगळ्यांना त्या एका खरेदीपुढे मान तुकवावी लागते. गॅरेजात चादरीखाली वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या अर्धवट गाड्या पाहिल्या, तर त्यांतल्या कित्येकींचे इंजिन ठणठणीत असते. ते गाडीत बसत नाही, किंवा बसले तरी गिअरबॉक्सशी जुळत नाही, एवढेच.

म्हणून या लेखातला क्रम उलटा आहे. नियम, जागा, वजन, गिअरबॉक्स आणि थंडावा यांच्या मर्यादा आधी एका वहीत उतरवायच्या आणि त्या मर्यादांत बसेल असेच इंजिन शोधायला बाहेर पडायचे. एकूण नऊ टप्पे आहेत. काही चार ओळींत संपतात; तिसरा आणि सहावा लांबले आहेत, कारण चुका तिथेच जास्त होतात.

टप्पा १ : गाडीचा उपयोग एका वाक्यात लिहा

"सुट्टीच्या दिवशी दोघांनी लांबचा प्रवास करायचा", "फक्त ट्रॅकवर पळवायची", "प्रदर्शनात बॉनेट उघडल्यावर आत मूळ गाडीसारखेच दिसले पाहिजे" ही तीन वेगवेगळी वाक्ये आहेत आणि त्यांची इंजिनेही वेगवेगळी आहेत. पहिल्याला कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क (फिरवण्याचा जोर) आणि शांत पाचवा गिअर हवा, दुसऱ्याला वळणावर तेलाचा दाब टिकवणारा सम्प (इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे) हवा, तिसऱ्याला कार्ब्युरेटर आणि जुन्या धाटणीचे व्हॉल्व्ह कव्हर हवे. ही तिन्ही वाक्ये एकाच गाडीवर लादणाऱ्याला कोणतेच इंजिन मनासारखे मिळत नाही, असा माझा अनुभव आहे. एक वाक्य निवडा आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

टप्पा २ : नोंदणीचे नियम आधी वाचा

हाताने बांधलेल्या गाडीची नोंदणी प्रत्येक देशात वेगळ्या रीतीने होते, त्यामुळे आपल्याकडचा नियम मूळ कागदावरून वाचणे भाग आहे. ओळखीच्या कुणाला तीन वर्षांपूर्वी काय चालले होते, ते आज चालेलच असे नाही. चार प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवा : धुराची मर्यादा गाडीच्या तारखेवरून ठरते की इंजिनाच्या तारखेवरून, इंजिनाचे वय कोणत्या पुराव्याने सिद्ध करावे लागते, आवाजाची मर्यादा किती आहे आणि ती कशी मोजतात, आणि इंजिनाच्या क्षमतेवर किंवा गाडीच्या वजनाच्या मानाने तिच्या शक्तीवर काही बंधन आहे का. ब्रिटनमध्ये, उदाहरणार्थ, अशा गाडीची स्वतंत्र तपासणी होते आणि धुराची मर्यादा ठरवताना इंजिनाचे वय विचारात घेतात. वय कागदाने दाखवता आले नाही, तर जुन्या इंजिनाचा फायदा हातातून जातो.

सावधान : इंजिनावरचा क्रमांक घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा कागदांशी न जुळणारा असेल, तर ते इंजिन कितीही चांगले चालत असले तरी सोडून द्या.

टप्पा ३ : इंजिनाचा कप्पा मोजा

चॅसी तयार मिळालेली असेल, तर ती सपाट जमिनीवर, प्रत्यक्ष चालताना असेल त्याच उंचीवर ठोकळ्यांवर ठेवा आणि बॉडी वरून बसवा. बॉडीशिवाय घेतलेली मापे फसवतात, कारण बॉनेटचा उतार आणि आतल्या बाजूचा फायबरग्लासचा कठडा नेमका एअर क्लीनरच्या जागी आडवा येतो. नंतर पुढील मापे घ्या : फायरवॉलपासून (इंजिन आणि प्रवाशांची जागा यांमधल्या भिंतीपासून) रेडिएटरच्या पंख्यापर्यंतची लांबी, दोन्ही बाजूंच्या चॅसी-नळ्यांमधली रुंदी, क्रँकशाफ्टच्या मध्यापासून बॉनेटच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतची उंची, आणि त्याच मध्यापासून चॅसीच्या सर्वांत खालच्या पातळीपर्यंतची खोली. सम्प, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला चेंबर, चॅसीच्या खाली लोंबकळत असेल, तर पहिलाच उंच गतिरोधक त्याचा निकाल लावतो.

लोक इंजिनाची क्षमता पाहून त्याच्या आकाराचा अंदाज बांधतात, आणि इथेच मोठी चूक होते. बाहेरचा आकार मुख्यतः सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांवरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाच्या) रचनेवर आणि ब्लॉकच्या उंचीवर ठरतो. फोर्डचे ५ लिटरचे कोयोटी इंजिन चार कॅमशाफ्टचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचे) आहे आणि त्याची हेड रुंद आहेत, शेव्हरलेचे ६.२ लिटरचे एलएस-३ क्षमतेने मोठे असूनही त्याचा एकुलता एक कॅमशाफ्ट ब्लॉकच्या आत असल्यामुळे अरुंद जागेत सहज उतरते. एकाच घराण्यातही फरक पडतो. फोर्डच्या ३०२ घनइंची आणि ३५१ विंडसर या दोन इंजिनांचे चेहरे भावंडांसारखे आहेत, पण ३५१च्या ब्लॉकचा माथा क्रँकच्या मध्यापासून ९.५ इंचांवर येतो आणि ३०२चा ८.२ इंचांवर. हा १.३ इंचांचा फरक ४५ अंशांत कललेल्या सिलिंडरच्या दिशेने मोजलेला असल्याने ३५१चे प्रत्येक हेड सुमारे २३ मिलिमीटर बाहेर आणि तेवढेच वर सरकते. दोन्ही बाजू मिळून रुंदी ४६-४७ मिलिमीटरने वाढली, की ३०२साठी बनवलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड चॅसीच्या नळीवर आदळते.

इंजिन हाती नसताना मोजमाप कसे करायचे, हा प्रश्न येतो. पुठ्ठा आणि पॅकिंगचा फोम यांचा ठोकळा करा. त्यावर हेडची बाहेरची कड, सम्पचा खोल भाग, तेलाचा फिल्टर, स्टार्टर मोटर, अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप यांचे उंचवटे चिकटवा. ही मापे इंजिनाच्या तांत्रिक आराखड्यांत मिळतात किंवा तसेच इंजिन असलेल्या गाडीवर टेप लावून घेता येतात. ठोकळा जागेवर ठेवून चारही बाजूंनी निदान २० मिलिमीटर मोकळी जागा आहे का ते पाहा, कारण रबरी माउंटिंगवरचे इंजिन ॲक्सिलरेटर दाबताच एका अंगाला झुकते.

स्टीअरिंगचा दांडा हा स्वतंत्र विषय आहे. फोर्डच्या लहान व्ही-८ची आणि शेव्हरलेच्या व्ही-८ची स्टार्टर मोटर इंजिनाच्या उजव्या बाजूला असते. गाडी उजव्या हाताच्या स्टीअरिंगची असेल, तर दांडा, स्टार्टर आणि त्या बाजूचे एक्झॉस्ट असे तिघेही वीतभर जागेत एकमेकांवर येतात. डाव्या हाताच्या गाडीवर पाहिलेली मांडणी उजव्या हाताच्या गाडीत जशीच्या तशी उतरेल, असे गृहीत धरू नका.

तपासा : ठोकळा जागेवर असताना स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवता येते का? स्पार्क प्लग आणि तेलाचा फिल्टर हाताने काढता येतील का? इंजिन न उतरवता स्टार्टर निघेल का? तीनपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असेल, तर पुढे जाण्याआधी ठोकळ्याची जागा किंवा इंजिनाचा विचार बदला.

टप्पा ४ : वजन आणि त्याची जागा

लोखंडी ब्लॉकचे फोर्ड ३०२ सुमारे २१० किलोचे असते, तर फोर्डच्याच जुन्या ४२७ घनइंची एफई मालिकेचे लोखंडी इंजिन ३०० किलोच्या जवळ जाते. हे नव्वद किलो पुढच्या चाकांच्या आसपास येऊन बसतात. पुढच्या स्प्रिंगा, ब्रेक आणि स्टीअरिंगचा जडपणा या सगळ्यांचा हिशेब त्यामुळे बदलतो. ३०२वर ॲल्युमिनियमची हेड बसवली, तर दोन्ही मिळून साधारण २० किलो वाचतात, आणि वजन इंजिनाच्या माथ्यावरून कमी झाल्यामुळे वळणावर त्याचा परिणाम आकड्यापेक्षा अधिक जाणवतो.

इंजिन मागे सरकवण्याचा फायदा आकड्यात पाहता येतो. कोब्रा या जुन्या उघड्या व्ही-८ स्पोर्ट्स कारचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर) ९० इंच, म्हणजे २२८६ मिलिमीटर आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून ३०० किलो धरले आणि ते १५० मिलिमीटर मागे सरकवले, तर ३०० ला १५० ने गुणून २२८६ ने भागावे. सुमारे २० किलो पुढच्या ॲक्सलवरून मागच्या ॲक्सलवर गेले. पैसा न खर्च करता मिळणारे हे २० किलो आहेत, मात्र त्यासाठी फायरवॉल आणि पायाची जागा आक्रसते, हेही त्याच पानावर लिहून ठेवावे.

वजनाचे माप मिळवताना एक पथ्य पाळा. कुणी "इंजिनाचे वजन" सांगितले, तर त्यात फ्लायव्हील, क्लच, स्टार्टर, अल्टरनेटर, मॅनिफोल्ड आणि तेल धरले आहे का, ते विचारा.

टप्पा ५ : शक्ती, गिअरबॉक्स आणि शेवटचे गुणोत्तर यांचा एकत्र हिशेब

अश्वशक्तीचा आकडा एकटा वाचण्यात अर्थ नाही. लोटस सेव्हन या अगदी हलक्या, उघड्या दोन आसनी गाडीच्या धाटणीच्या ५५० किलोच्या गाडीत १०० किलोवॉटचे इंजिन आणि ११०० किलोच्या कोब्रात २०० किलोवॉटचे इंजिन, या दोन्ही गाड्यांत टनामागे सुमारे १८२ किलोवॉट पडतात. हलकी गाडी बांधणाऱ्याने मोठ्या इंजिनाचा मोह धरण्याआधी हा भागाकार करून पाहावा.

दुसरा हिशेब टॉर्कचा. न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणून ९५४९ ने भागले, की किलोवॉट मिळतात. ६००० फेऱ्यांवर १५० न्यूटन-मीटर देणारे इंजिन आणि ३००० फेऱ्यांवर ३०० न्यूटन-मीटर देणारे इंजिन त्या-त्या ठिकाणी सारखेच, म्हणजे ९४ किलोवॉट देतात. पण पहिल्याला एकमेकांच्या जवळच्या गुणोत्तरांचा गिअरबॉक्स आणि सतत हलणारा हात लागतो, तर दुसरे चौथ्या गिअरमध्ये निवांत चालते. टप्पा १ मधले वाक्य आता परत वाचा.

तिसरा हिशेब प्रवासाच्या वेगाचा. चाकाचा परीघ १.९५ मीटर, डिफरन्शियलचे, म्हणजे शेवटचे, गुणोत्तर ३.५४ आणि ताशी १०० किलोमीटरचा वेग धरू. चाक मिनिटाला सुमारे ८५५ फेऱ्या घेते. चौथा गिअर १.०० असेल, तर इंजिन सुमारे ३०३० फेऱ्यांवर फिरेल. मस्टँगमध्ये आलेल्या टी-५ गिअरबॉक्सचा पाचवा गिअर ०.६८ असेल, तर तेच इंजिन २०६०च्या आसपास फिरेल. उघड्या गाडीत, कानाशेजारून जाणाऱ्या साइड पाइपसह, या हजार फेऱ्यांचा फरक तासाभरात कळतो.

आता गिअरबॉक्सची सहनशक्ती पाहा. टी-५च्या मजबूत आवृत्तीची मर्यादाही ४०० न्यूटन-मीटरच्या आसपास मानली जाते, आणि एलएस-३ सुमारे ५७५ न्यूटन-मीटर देते. हलक्या गाडीत टायर आधी घसरतात म्हणून गिअरबॉक्स वाचतो, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. रुंद, चिकट टायर बसवले की तो संपतो.

सावधान : आडव्या (गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेल्या) इंजिनाच्या, पुढची चाके फिरवणाऱ्या गाडीतले इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवणार असाल, तर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे टोक पेलणारे लहान बेअरिंग बसवण्याची सोय आहे का, ते आधी पाहा. हे बेअरिंग राहून गेले, तर क्लच नीट सुटत नाही आणि पुढे गिअरबॉक्सचे पहिले बेअरिंग बोलू लागते.

टप्पा ६ : उमेदवारांची यादी, गाडीच्या कुळाप्रमाणे

आता कुठे इंजिनांची नावे घ्यायची. तीनच उमेदवार ठेवा.

कोब्राच्या धाटणीच्या गाडीसाठी फोर्ड ३०२ ही सर्वांत निर्धोक निवड आहे, कारण माउंटिंग, एक्झॉस्ट आणि सम्प यांचे तयार पर्याय त्याच्यासाठीच सर्वाधिक बनतात. पण याच इंजिनात सुट्या भागांच्या भेसळीचे सापळेही भरपूर आहेत. पहिला सापळा संतुलनाचा : जुन्या ३०२च्या फ्लायव्हील आणि पुढच्या डॅम्परवर (क्रँकच्या पुढच्या टोकाच्या कंप शोषणाऱ्या चकतीवर) २८ औंस-इंचांचे संतुलन असते, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच्या इंजिनांवर ५० औंस-इंचांचे, आणि ३५१ विंडसर पुन्हा २८ चेच. बाहेरून हे भाग सारखे दिसतात आणि बोल्टही बसतात. एका विक्रेत्याच्या शब्दावर विसंबून मी चुकीचे फ्लायव्हील लावले होते; २५०० फेऱ्यांच्या पुढे आरसे थरथरू लागले आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागला. दुसरा सापळा पाण्याच्या पंपाचा : सपाट बरगड्यांचा एकच लांब पट्टा असलेल्या नंतरच्या इंजिनांत पंप उलट दिशेने फिरतो. जुन्या रूपासाठी व्ही-पट्टे बसवले आणि पंप तोच ठेवला, तर गाडी तापते आणि दोष बिचाऱ्या रेडिएटरवर येतो. तिसरा सापळा ठिणगीच्या क्रमाचा : जुन्या ३०२चा क्रम १-५-४-२-६-३-७-८ आहे, तर ३५१ आणि १९८०च्या दशकातल्या अधिक शक्तीच्या ३०२चा १-३-७-२-६-५-४-८. तो कॅमशाफ्टवर ठरतो, म्हणून कॅम बदललेल्या इंजिनात ब्लॉकच्या सालावर भरवसा ठेवू नका. रोलर कॅम (व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांना लहान चाके असलेला) असेल, तर डिस्ट्रिब्युटरचा गिअरही त्याला चालणाऱ्या पोलादाचाच लागतो. बेलहाउसिंगकडेही (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लचभोवतीच्या कवचाकडेही) पाहा : याच घराण्यातल्या १९६५च्या आधीच्या ब्लॉकला ते पाच बोल्टांनी बसते, नंतरच्यांना सहा.

रोव्हरचे ३५२८ सीसीचे ॲल्युमिनियमचे व्ही-८ हलके आहे आणि कोब्राच्या लहान चॅसीत छान बसते. मात्र त्याच्या नंतरच्या, ९४ मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) मोठ्या आवृत्त्यांत लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या अस्तराच्या) मागे ब्लॉकला तडा जाण्याचे दुखणे प्रसिद्ध आहे. बाहेर गळती दिसत नसताना पाणी कमी होत असेल, तर ब्लॉकची दाब-चाचणी केल्याशिवाय पैसे देऊ नका.

पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या प्रतिकृतींत बहुधा फोक्सवॅगन बीटलचे हवेवर थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन असते. मूळ १५८४ सीसीपासून सिलिंडर बदलून १७७६ किंवा १९१५ सीसीपर्यंत जाता येते, आणि ८२ मिलिमीटर स्ट्रोकचा (पिस्टनच्या धावेचा) क्रँक घालून ९०.५ मिलिमीटरच्या सिलिंडरांसह २११० सीसी मिळतात. रस्त्यावरच्या गाडीसाठी माझे मत १७७६च्या बाजूने पडते : क्रँक मूळचाच राहतो, उष्णता आवाक्यात राहते आणि दुरुस्ती कुणीही जाणता मेकॅनिक करू शकतो. या गाड्या तापण्याचे कारण बहुतेक वेळा इंजिनाच्या बाहेर असते. इंजिनाभोवतीचे पत्रे आणि रबरी पट्टी बसवलेली नसते, खालची गरम हवा वर येते आणि पंखा तीच पुन्हा ओढतो. त्यातच स्पीडस्टरच्या मागच्या झाकणाची जाळी लहान असते. फायबरग्लासच्या बॉडीत ही फट हातानेच बंद करावी लागते. गिअरबॉक्स जुना असेल, तर फ्लायव्हीलचे दातही मोजा : सहा व्होल्टच्या काळातल्या फ्लायव्हीलला १०९ दात असतात, बारा व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३०, आणि बेलहाउसिंगमधली जागा त्यानुसार वेगळी असते.

पोर्शे ५५० स्पायडरची प्रतिकृती दिसायला भावंड असली, तरी तिचे इंजिन मागच्या ॲक्सलच्या पुढे असते. बीटलमध्ये ते ॲक्सलच्या मागे असते. तोच गिअरबॉक्स इंजिनासह फिरवून बसवला, की चाके उलटी फिरतात, आणि डिफरन्शियलचा मोठा गिअर दुसऱ्या बाजूला बसवला नाही, तर गाडीला चार मागचे आणि एक पुढचा गिअर मिळतो. ऐकायला विनोदी वाटते, पण अशी गाडी पूर्ण बांधून झाल्यावर हे कळलेले लोक आहेत. फोर्ड जीटी-४० च्या प्रतिकृतीलाही हाच नियम लागू आहे : पुढे उभे इंजिन असून पुढचीच चाके फिरवणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स, उदाहरणार्थ रेनोचा यूएन-१, मधल्या इंजिनाला योग्य दिशेने फिरतो, मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ चा गिअरबॉक्स उलटा करून किंवा आतला गिअर फिरवून घ्यावा लागतो.

लोटस सेव्हनच्या धाटणीच्या गाडीला फोर्डचे जुने क्रॉसफ्लो, नंतरचे झेटेक, किंवा माझ्दा एमएक्स-५ ही एकच गाडी मोडून तिचे इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग असे सगळे काढणे, हे वहिवाटीचे मार्ग आहेत. नवख्याने शेवटचा धरावा, कारण सगळे भाग एकमेकांना आधीच ओळखतात. झेटेक आडव्या मांडणीचे असल्याने त्याचा सम्प बदलावा लागतो आणि हेडच्या मागून निघणारे पाणी फायरवॉलला अडते, म्हणून तो मार्गही बदलावा लागतो.

मोटरसायकलचे इंजिन, विशेषतः सुझुकी हायाबुसाचे, सेव्हनमध्ये बसवण्याची हौस अनेकांना असते. त्याला मागचा गिअर नसतो, तो वेगळा बसवावा लागतो. क्लच मोटरसायकलच्या वजनासाठी बनलेला असतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तेल. मोटरसायकल वळणावर स्वतः कलते, त्यामुळे सम्पमधले तेल तळाशीच राहते. मोटार कलत नाही, तेल एका बाजूला चढते, पंप हवा ओढतो आणि बेअरिंगे जातात. सम्पमध्ये आडपडदे किंवा ड्राय सम्प (तेल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना) यांची सोय न करता हे इंजिन ट्रॅकवर नेऊ नये.

टप्पा ७ : थंडावा, इंधन आणि वायरिंग

इंधनातल्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग पाण्यात जातो. म्हणून रेडिएटर इंजिनाच्या शक्तीनुसार निवडा आणि हवा आत येण्याच्या वाटेइतकाच विचार तिच्या बाहेर पडण्याच्या वाटेचा करा. कोब्राच्या पुढच्या पंखांवरची भोके शोभेसाठी बंद ठेवली, तर इंजिनाच्या कप्प्यात हवा कोंडते. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असेल, तर पाण्याची टाकी सर्वांत उंच जागी ठेवा, नाहीतर हेडमध्ये हवा अडकून राहते.

कार्ब्युरेटरला इंधनाचा दाब साधारण ०.३ ते ०.४ बार लागतो आणि इंजेक्शनला ३ ते ४ बार. इंजेक्शनचा पंप कार्ब्युरेटरला जोडला, की पेट्रोल इंजिनावर ओसंडते. ती गैरसोय राहत नाही, आग होते. आधुनिक इंजिन घेणार असाल, तर त्याच गाडीचा संगणक, पूर्ण वायरिंग, किल्ली आणि तिच्याशी बांधलेली चोरी-विरोधी यंत्रणा, तारेऐवजी विजेवर चालणारा थ्रॉटल असल्यास ॲक्सिलरेटरचे पेडल, आणि एक्झॉस्टमधले ऑक्सिजन सेन्सर हे सगळे एकाच व्यवहारात घ्या. वायर कापून काढलेले इंजिन स्वस्त मिळते, आणि ते स्वस्त का मिळाले हे नंतर समजते.

टप्पा ८ : जुने इंजिन तपासणे

इंजिन चालू अवस्थेत, शक्यतो मूळ गाडीतच ऐकावे, आणि ते आपण पोहोचण्याआधी गरम करून ठेवलेले नसावे. थंड सुरुवातीचा धूर आणि आवाज बरेच काही सांगतात. मग ते पूर्ण तापवा. सर्व स्पार्क प्लग काढा, इंधन आणि ठिणगी बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजा. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा असतो. तो १० ते १५ टक्क्यांच्या पुढे गेला, तर गळतीची चाचणी करून दाब व्हॉल्व्हमधून जातो की रिंगांमधून, ते ठरवा. रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. तापलेल्या इंजिनाचा तेलाचा दाब दर हजार फेऱ्यांमागे सुमारे ०.७ बार असावा, हा जुना अंगठेनियम व्ही-८ना अजून लागू पडतो.

बीटलच्या इंजिनाला एक झटपट कसोटी आहे. इंजिन बंद असताना क्रँकची पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढा. साधारण ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर हालचाल योग्य असते आणि ती हाताला जेमतेम जाणवते. टक्-टक् असा आवाज ऐकू आला, तर केसची बेअरिंगची जागा झिजली आहे, आणि त्या इंजिनाकडे फक्त सुट्या भागांचा ढीग म्हणून पाहावे.

तपासा : ब्लॉक, हेड आणि क्रँक यांच्यावरचे ओतकामाचे क्रमांक स्वतः वाचून, फोटो काढून घरी पडताळले का? व्हॉल्व्ह कव्हरवरचे स्टिकर हा पुरावा नव्हे.

टप्पा ९ : खरेदी आणि कोरडी (तात्पुरती) जुळणी, याच क्रमाने

१. आधी मोकळा ब्लॉक आणि हेड, किंवा जसे मिळाले तसे जुने इंजिन, गिअरबॉक्स आणि बेलहाउसिंग घ्या. नवे पिस्टन, कॅम, कार्ब्युरेटर यांना अजून हात लावू नका.

२. बेलहाउसिंग ब्लॉकला लावून, क्रँकवर डायल गेज बसवून त्याचे मधले भोक मोजा. पूर्ण फेरीत सुई ०.२५ मिलिमीटरपेक्षा जास्त फिरली, म्हणजे भोक मध्यापासून ०.१३ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकलेले आहे. ते विकेंद्री खुंट्या वापरून सरळ करा. ही पायरी जवळपास सगळेच वगळतात आणि नंतर गिअर अडकण्याचे खापर क्लचवर फोडतात.

३. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र जोडून चॅसीत उतरवा. गिअरचा दांडा बोगद्याच्या भोकात येतो का, आणि प्रोपेलर शाफ्टचे दोन्ही सांधे समांतर कोनांत आहेत का, ते पाहूनच माउंटिंग टाके घालून जोडा. पूर्ण वेल्डिंग नंतर.

४. एक्झॉस्ट, स्टीअरिंगचा दांडा, पेडल, रेडिएटर आणि त्याच्या नळ्या सगळ्या एकदा जागेवर बसवा. बॉडी वर ठेवून बॉनेट बंद करा. एअर क्लीनरच्या माथ्यावर मातीचा गोळा ठेवलात, तर बॉनेट बंद केल्यावर तो किती चेपला, यावरून मोकळी जागा नेमकी कळते.

५. चारही चाकांखाली वजनकाटे ठेवून आकडे वहीत लिहा आणि स्प्रिंगांची मागणी त्यानंतरच नोंदवा.

एवढे झाल्यावर सगळे परत उतरवा. माउंटिंग पक्के वेल्ड करा, चॅसी रंगाला द्या, आणि त्या वेळेत इंजिन उघडून त्याची दुरुस्ती करून घ्या. तेव्हा कॅम कोणता निवडायचा हा प्रश्नही सुटलेला असतो, कारण एक्झॉस्टच्या नळ्यांची लांबी, डिफरन्शियलचे गुणोत्तर आणि गाडीचे खरे वजन हे तिन्ही आकडे तोवर वहीत आलेले असतात.